ज्याचा बाण त्याची मिशी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. उंबरदऱ्याच्या वाटेवर तेव्हा वाघ भेटला तर माणूस बाजूला व्हायचा, आणि ठकूमाय भेटली तर वाघ बाजूला व्हायचा, असं म्हणतात. खरं-खोटं वाघाला विचारावं, तर आता तिथं वाघ उरले नाहीत. म्हणून आपण मान डोलवायची आणि पुढं ऐकायचं.

ठकूमाय ही उंबरदऱ्याची लोहारीण. नवरा अकाली गेला तेव्हा गावानं विचारलं, आता भट्टी कोण चालवणार? तिनं भाता ओढला, घण उचलला आणि कामाला लागली. विळे, कोयते, नांगराचे फाळ ती सगळंच घडवायची, पण तिचं नाव झालं ते बाणाच्या पात्यांनी. सारा मुलूख डोंगराचा, नाचणी पिकेल तेवढी पिकायची, बाकी पोट रानावर. कोळी असो की ठाकर, घरटी एक धनुष्य असायचंच.

तिच्या पात्याची धार कशी होती म्हणाल, तर एकदा तिनं नवं पातं उन्हात ठेवलं आणि शेजारून बोकड गेला. बोकड धडधाकट राहिला, पण पात्यावर पडलेल्या त्याच्या सावलीचे कान कापले गेले. पुढं मरेपर्यंत त्या बोकडाची सावली बिनकानाची होती, असं म्हणतात. गावच्या म्हाताऱ्या नाईकांनी, म्हणजे आबांनी, तरुणपणी एकदा तिचं पातं ओढ्यात धुतलं, तर ओढ्याचे दोन ओढे झाले. ते दोन ओढे मात्र आजही आहेत. कुणीही जाऊन बघावेत.

पण ठकूमायकडून पातं घेणं म्हणजे मुलगी मागायला जाण्यापेक्षा अवघड. आधी ती विचारायची, "कुनासाठी?"

"असंच, रानात जायचंय," असं कुणी म्हणालं की त्याला आल्या पावली परत. "रानात काय, समदंच हाय. झाडाला मारनार का दगडाला?"

भेकरासाठी, सांबरासाठी ती रुंद पातं द्यायची, जांभळाच्या पानासारखं, दोन्ही अंगांना धार असलेलं. हरणाचं अंग मऊ असतं, घाव रुंद पाहिजे, म्हणजे जनावर चार ढांगांत बसतं. रानडुकरासाठी पातं अरुंद आणि जाड, मधोमध कणा असलेलं, कारण डुकराच्या खांद्यावर चामड्याची ढाल असते आणि रुंद पातं तिथंच अडतं. ससा, रानकोंबडा असलं काही असेल तर पातंच नाही, बाणाच्या टोकाला नुसती लाकडाची बोथट बोंडी. "कोंबड्याला पातं मारशील तर घरी पिसं आनशील," ती म्हणायची, "आन् बायको तुला पिसांचा रस्सा करून घालंल."

सगळी पाती एकजीव. बाणाची काडी बसते ती नळी आणि पातं एकाच लोखंडातून ठोकलेलं, कुठं जोड नाही, खिळा नाही. "हलतं ते अडतं," एवढंच तिचं त्यावरचं शास्त्र.

हे झालं तरी पातं हातात पडत नसे. शेवटची परीक्षा उरायची. घेणाऱ्यानं भट्टीसमोरच्या काळ्या दगडावर बसायचं आणि त्याच पात्यानं आपली मिशी उतरवायची. एका धारेनं डावी बाजू, दुसऱ्या धारेनं उजवी. उतरली तर पातं तुझं. ओढली, खरचटलं, डोळ्यांत पाणी आलं, तर पातं पुन्हा भट्टीत.

कुणी कुरकुर केली तर ती घण खाली ठेवायची. "बोथट पात्यानं जनावर मरत न्हाई. आठ-आठ दिस काट्याकुट्यात कन्हत पडतं. त्याच्या अंगावर परीक्षा कशापायी? आपल्या तोंडावर घ्या की! ज्याचा बान त्याची मिशी."

त्यामुळं उंबरदऱ्यात उलटीच रीत पडली. इतर गावांत मिशीवाला तो मर्द, इथं ज्याच्या ओठावर केस दिसले त्याच्या घरात चूल थंड. आया मुलीसाठी स्थळ बघताना आधी मुलाचा वरचा ओठ बघायच्या. गुळगुळीत असला तर हो म्हणायच्या.

परगावच्यांची मात्र पंचाईत व्हायची. आपल्याकडं बाप गेला की माणूस मिशी उतरवतो. एकदा घाटापलीकडची मंडळी सोयरीक घेऊन आली. वेशीत पहिला माणूस भेटला, मिशी नाही. दुसरा भेटला, मिशी नाही. चावडीवर तर सगळी रांगच बिनमिशांची. पाहुण्यांना वाटलं, एका दिवसात साऱ्या गावाचे बाप गेले! त्यांनी पागोटी काढली, जमिनीवर बसले आणि गळा काढला. गावकऱ्यांना वाटलं पाहुण्यांच्याच घरात काही झालं, म्हणून तेही रडू लागले. दुपारपर्यंत दोन्हीकडची मंडळी गळ्यात गळा घालून रडत होती, आणि ज्यांच्यासाठी रडत होती ते बाप बाजूला बसून तंबाखू मळत होते.

आता या बिनमिशांच्या गावात एकच मिशी होती, आणि ती कुणाची? खुद्द हैबती नाईकाची.

हैबती म्हणजे त्या आबांचा मुलगा. आबांना दिसेनासं झालं तेव्हा गावची नाईकी त्याच्याकडं आली. पण तो लहानाचा मोठा झाला घाटाखाली मामाकडं, आणि तिथं मिशीशिवाय माणसाला पंगतीत पाट मिळत नसे. मिशी तरी कसली! दोन्ही टोकांवर लिंबं ठेवावीत, वर चिमण्यांनी भांडावं. सकाळी घरातलं पहिलं तूप मिशीला, मग देवाच्या निरांजनाला, उरलं तर आबांच्या भाकरीला.

नाईक झाल्यावर धुळवडीच्या पारधीचा पहिला बाण त्याचा. हा मान असा, की नाईकाचा बाण जनावराला लागेपर्यंत दुसऱ्या कुणी दोरी ओढायची नाही. म्हणून पातं घ्यायला तो भट्टीवर आला, आणि सोबत आणला आपला गडी कोंडाजी.

"बस रं कोंड्या दगडावर," नाईक म्हणाला. "ठकूमाय, घे याची परीक्षा."

कोंडाजी बिचारा बसला. ओठावरची चार दिवसांची खुंटं उतरली, अगदी लोण्यासारखी. नाईकानं पात्यासाठी हात पुढं केला. ठकूमायनं पातं कोंडाजीच्या हातात ठेवलं.

"बान याचा झाला," ती म्हणाली. "तुमचा पायजे तर तुमी बसा."

"मी? ही मिशी आबा गेल्यावरच उतरंल, त्याच्याआधी न्हाई!" नाईक गरजला. ओसरीवर बसलेल्या आबांनी लांबून ऐकलं आणि नुसतं "बरं बाबा" म्हटलं.

त्याच सुमारास घाटाखालून एक फेरीवाला आला. त्याच्याजवळ नव्या तऱ्हेची पाती होती. कळीसारखी मिटलेली, दोन्ही बाजूंना बारीक खिळ्यावर फिरणारे पंख. फेरीवाला म्हणायचा, बाण लागला की आत जाऊन कळी उमलते. हरणाला हीच, डुकराला हीच, कोंबड्यालाही हीच. निवडायची कटकट नको आणि मिटलेल्या कळीला धार कुठली, म्हणून मिशीचीही परीक्षा नको.

नाईकाला तर देवच भेटला. त्यानं बाणांचा भाता भरेल एवढी कळीची पाती घेतली. त्या धुळवडीला पारधीत एक रानडुक्कर समोर आलं, नाईकानं बाण सोडला, बाण खांद्यात लागला आणि डुक्कर कारवीच्या जाळीत घुसलं ते घुसलंच. माणसं माग काढू म्हणाली. नाईकानं मिशीला पीळ दिला. "माझा बान लागलाय. मेला असंल दरीत. ऊन किती हाय!" आणि वाजतगाजत घरी आला.

पावसाळ्यात गावावर संकट आलं. एक सुळा मोडलेला रानडुक्कर रानातून उतरला आणि उधळला. किती मोठा होता? दिवसा सांगणारे वासराएवढा म्हणतात, दिवेलागणीला म्हशीएवढा होतो, आणि होळीच्या दिवशी दोन पेले पोटात गेले की हत्तीएवढा. लोकांनी त्याचं नाव ठेवलं एकसुळ्या. नाचणी खाल्ली असती तर गावानं सोसलं असतं, पण तो खात नव्हता. सारखा अंग घासत होता. कुंपणाला घासलं, कुंपण आडवं. नाईकाच्या गोठ्याला खांदा लावून डोळे मिटून असा घासत राहिला, की गोठा हळूच खाली बसला. देवळाची दीपमाळसुद्धा तेव्हापासून कलती आहे. आजही कलतीच आहे. कुणी म्हणालं भूतबाधा, कुणी म्हणालं देवाचा कोप. ठकूमाय मात्र भट्टीच्या दारात उभी राहून बघायची आणि काही बोलायची नाही, आणि ठकूमाय बोलत नाही म्हटल्यावर लोकांना जास्तच भीती वाटायची.

गावावर उठलेल्या जनावरालाही पहिला बाण नाईकाचाच, म्हणून गाव कुजबुजू लागलं की नाईकाजवळ ठकूमायचं पातं असतं तर हे जनावर कधीच पडलं असतं. नाईकाच्या कानावर गेलं. त्याचं डोकं फिरलं. चावडीवर उभं राहून त्यानं सांगितलं, "येत्या धुळवडीला एकसुळ्या माझ्याच पात्यानं पडनार. तो पडला की ठकूची भट्टी इझली म्हनून समजा. तिचं बलुतं त्या फेरीवाल्याला. तिनं गाव सोडायचं."

"आन् न्हाई पडला तर?" ठकूमायनं विचारलं.

"तर माझी मिशी तुझी!"

"मला काय करायची? भात्याला भोक पडलंय, तिथं भरू?"

लोक हसले, पण ती मात्र घरी जाऊन ऐरणीपाशी बसली. नवऱ्यामागं तिच्याजवळ होतं काय? ती ऐरण आणि ती आग. गाव सोडायचं म्हणजे ऐरण डोक्यावर घेऊन या वयात कुठं जायचं? तिला वाईट वाटलं, खूप वाटलं, आणि रागही तेवढाच आला. त्या रागात तिनं डुकरासाठी एक पातं घडवलं. अरुंद, जाड कण्याचं, दोन धारांचं. बाणाला बसवलं आणि कमरेला खोचलं. घेणारा कुणी नव्हताच, म्हणून त्याची परीक्षाही राहून गेली.

धुळवड आली. ढोल वाजले, हाकारे सुटले, सारं गाव रानात. ठकूमायही गेली, कारण पात्यांना धार लावायचा दगड घेऊन पारधीबरोबर जायचं हा लोहाराचा मान, आणि तो मान अजून तरी तिचा होता.

एकसुळ्या निघाला कारवीच्या जाळीतून. नाईक समोर. त्यानं कळीचा बाण लावला, दोरी कानापर्यंत ओढली, सोडला. बाण बरा निघाला होता. पण वाटेत कारवीची एक काडी आडवी आली. नुसता स्पर्श झाला, आणि कळी उमलली. हवेतच! बाणाला पंख फुटले. तो गिरकी घेत वर गेला, रानातल्या कावळ्यांनी त्याला आपल्यात घेतलं आणि घेऊन गेले, असं म्हणतात.

एकसुळ्यानं मान वळवली. मग काय! वीरांची फौज क्षणात झाडांवर. नाईकही एका ऐनाच्या झाडावर चढला. चढताना धडपड झाली, भात्यातल्या उरल्यासुरल्या कळ्या सगळ्या एकदम उमलल्या, भाता फाटला, धोतर फाटलं, बाण खाली पडले. हाती राहिलं नुसतं धनुष्य. धापा टाकत तो फांदीवर बसला आणि वर बघतो तर ठकूमाय.

"या नाईक," ती म्हणाली. "बसा टेकून."

ती म्हातारी झाडावर कशी चढली, हे कुणालाच ठाऊक नाही. ऐन वाकला आणि त्यानं तिला उचलून घेतलं, असं म्हणतात.

आता गंमत बघा. आजूबाजूच्या झाडांवर एकाहून एक तिरंदाज बसलेले, प्रत्येकाजवळ ठकूमायचं पारखलेलं पातं. पण नाईकाचा बाण लागल्याशिवाय कुणी दोरी ओढायची नाही! रीत म्हणजे रीत. सगळे धनुष्य मांडीवर ठेवून मुकाट बसले, कोंडाजी सोडून. त्याला वेळेत धड झाड सापडलं नव्हतं. तो करवंदीनं भरलेल्या एका दरडीवर वाढलेल्या हेदीच्या झाडाच्या बारक्या फांदीला लोंबकळत होता, फांदी हळूहळू वाकत होती आणि खाली एकसुळ्या उभा होता.

"नाईक, मारा की वो!" झाडांवरून आरडाओरडा झाला.

"कशानं मारू? बोटानं?" नाईक रडवेला झाला. मग त्याला ठकूमायच्या कमरेचा बाण दिसला. "ठकूमाय, दे तो! लवकर दे!"

ठकूमायनं बाण काढला, पात्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "याची धार अजून कुनी बघितली न्हाई."

"आता? इथं?"

"जनावर खवळलंय. बोथट निघालं तर ते मरायचं न्हाई आन् कोंडाजी वाचायचा न्हाई. मग सांगा, परीक्षा कुठं घ्यायची?"

कोंडाजी खालून ओरडला, "मालक, म्या दिली असती वो! पर माझी मागंच उतरवलीय!"

फांदी कडाडली. नाईकानं एकदा कोंडाजीकडं बघितलं, एकदा आपल्या मिशीच्या टोकाकडं. मग बाण हिसकावून घेतला आणि डोळे मिटून पातं ओठावर ठेवलं. डावी मिशी अलगद सुटली, वाऱ्यावर तरंगत गेली. ना ओढलं, ना खरचटलं. अर्ध्या मिशीनं त्यानं वर बघितलं.

"एवढ्यावर भागव, माय."

"दोन धारा हायेत. दुसरी कुनी बघायची, कोंडाजीनं?"

उजवीही गेली. त्या केसांनी शिंजीर पक्ष्यानं पुढच्या हंगामात घरटं बांधलं आणि त्याची पिल्लं ऐटीत चालायची, असं म्हणतात. पण तेव्हा ते बघायला कुणाला सवड नव्हती. नाईकानं बाण लावला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो मिशीचा विचार न करता नेम धरून बसला. बाण गेला. खांद्यामागून बरोबर आत. फांदी मोडली आणि कोंडाजी खाली पडला, पण तोवर एकसुळ्या दोन पावलं टाकून बसला होता. मान पायावर ठेवली, आणि संपला.

माणसं उतरली, नाचली, ढोल वाजले. "भट्टी राहिली! ठकूमाय राहिली!" कुणीतरी एकसुळ्याला उलटवलं, आणि ढोल थांबले.

दुसऱ्या खांद्यावर जुनी जखम होती, तळहाताएवढी, सडलेली. ठकूमायनं गुडघे टेकून आतून एक गंजकं लोखंड काढलं. कळीचं पातं. एक पंख उघडलेला, दुसरा मिटलेला. चामड्याच्या ढालीत अडकलेलं. मागच्या धुळवडीचं.

कुंपणं, गोठा, दीपमाळ, सगळ्यांना सगळं एकदम कळलं. तो उधळला नव्हता. त्याला दुखत होतं, आणि स्वतःच्या खांद्याला त्याचं तोंड पोचत नव्हतं.

नाईक खाली बसला. "वरीसभर," तो म्हणाला. "वरीसभर हे घिऊन फिरला. आन् म्या घरी जाऊन जेवलो."

ठकूमायच्या जिभेवर बोलायला पुष्कळ होतं. ती कधी कुणाला सोडायची नाही. त्या दिवशी तिनं सोडलं. पदरानं एकसुळ्याची जखम पुसली आणि म्हणाली, "चला नाईक. घरी चला."

ओसरीवर आबा बसले होते. डोळ्यांनी दिसत नव्हतं, म्हणून लेक जवळ आला की ते त्याच्या तोंडावरून हात फिरवायचे. तसा फिरवला. बोटं ओठावर थांबली. पुन्हा फिरवली. मग आबांनी घाईनं आपली छाती चाचपली, गुडघे चाचपले.

"हैबती," ते भीत भीत म्हणाले, "मी गेलो का रं?"

सारं गाव हसलं. हैबती हसला नाही.

"तुमी न्हाई, आबा. डुक्कर गेलं. माझ्यामुळं लई हाल होऊन गेलं."

आबांनी लेकाचं डोकं जवळ ओढलं. "मंग रड की," ते म्हणाले. आणि नाईक रडला.

त्यानं पुन्हा मिशी ठेवली नाही. एकसुळ्याचं मांस गावानं खाल्लं नाही. त्याला दरडीखाली पुरलं. ठकूमायची भट्टी ती असेपर्यंत पेटती राहिली, आणि ती गेली त्या दिवशी ऐरण आपोआप एकदा वाजली, असं म्हणतात.

आता उंबरदऱ्यात शिकार बंद आहे. कायदा आहे, आणि रानात मारायला उरलंय तरी काय! पण धुळवडीला गाव अजून काळ्या दगडापाशी जमतं. पहिला मान नाईकाच्या घराण्याचा. बाणाच्या पात्यानं मिशी उतरवायची, तोच बाण भोपळ्याला मारायचा, आणि नैवेद्य दरडीखाली ठेवायचा. नुसताच बोलणारा कुणी भेटला तर गाव अजूनही म्हणतं, हा कळीचं पातं आहे.

दुसऱ्या दिवशी बाहेरगावचं कुणीतरी येतंच. एसटीचा नवा कंडक्टर असतो, नाहीतर शाळेवर बदलून आलेले मास्तर. सगळ्यांचे कोरे ओठ बघून त्याचा चेहरा पडतो, आवाज खाली येतो, आणि तो विचारतो, "कोण गेलं हो?"

उंबरदऱ्याचे लोक थट्टेखोर, पण या प्रश्नाला कुणी हसत नाही.

"एक डुक्कर होतं आमच्यातलं," ते सांगतात. "फार हाल झाले त्याचे."